नेटभविष्य सांगा, सुखी राहा

नागपुरात भविष्य सांगणारा माणूस सहसा उपाशी राहत नाही. संत्र्याला यंदा काय भाव फुटणार, डिसेंबरच्या अधिवेशनात विदर्भाच्या पदरात काय पडणार, मे महिन्यात पारा कुठवर चढणार, सगळ्यांवर बोलणारे आहेत आणि ऐकणारेही आहेत. पण या भविष्यांत एक मोठी खोट आहे. निकाल लागतो. कळमन्याच्या बाजारात सकाळी लिलाव होतो आणि आदल्या संध्याकाळचा जाणकार टपरीवर तोंड चुकवत फिरतो. म्हणून राजेहो, धंद्यात उतरायचंच असेल तर असा विषय धरा ज्याचा लिलाव कधीच होत नाही. ‘इंटरनेटवर बोलायचं स्वातंत्र्य टिकणार की जाणार’ हा तसा विषय आहे. गेली तीस-बत्तीस वर्षं जगभरची हुशार माणसं यावर छातीठोक बोलत आली आहेत. बरीचशी चुकली. दक्षिणा कोणीच परत मागितली नाही.

साहित्य फारसं लागत नाही. धरमपेठेत तर्री-पोह्याची एक बरी गाडी, सकाळी साडेसात ते नऊची वेळ, हातात मोबाइल आणि आवाजात खात्री. मुदत विचारली तर ‘येत्या पाच वर्षांत’ म्हणा. दोन वर्षं म्हणालात तर लोक लक्षात ठेवतात, दहा म्हणालात तर ऐकत नाहीत.

आधी घराणं पक्कं करा. दोनच आहेत. एक ‘कोणाचा बाप थांबवू शकत नाही’ घराणं आणि दुसरं ‘सगळं संपलं’ घराणं. दोन्हींची गायकी सोपी आहे. मिसळ मात्र करायची नाही. ‘कुठे थांबतं, कुठे थांबत नाही, पाइप कोणाच्या हातात आहे ते बघावं लागेल’ असं एकदा म्हणून बघा, गिऱ्हाईक प्लेट उचलून समोरच्या गाडीवर जातं.

पहिल्या घराण्याची चीज एकच आहे आणि ती पाठ हवी. जॉन गिलमोर या अमेरिकन प्रोग्रॅमरचं वाक्य, डिसेंबर १९९३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात छापून आलेलं: नेट सेन्सॉरशिपला बिघाड समजतं आणि वळसा घालून पुढे जातं. म्हणून झालं की दोन सेकंद थांबा आणि तर्रीच्या पातेल्याकडे बघा. एवढ्यावर पुष्कळांची करिअर झाली आहे.

हा वळसा नेमका घालतं कोण, असं कोणी विचारलंच तर फोन आल्याचं निमित्त करा. कारण खरं उत्तर फार किरकोळ आहे आणि त्याने वाक्यातली सगळी हवा जाते. मुळात ते वाक्य युजनेटबद्दल होतं, म्हणजे न्यूजग्रुप नावाच्या चर्चागटांच्या जुन्या जाळ्याबद्दल. युजनेटला मुख्य कॉम्प्युटर असा नव्हताच. विद्यापीठांची, कंपन्यांची मशिनं एकमेकांना निरोप देत, बऱ्याचदा रात्री फोन लावून. प्रत्येक निरोपाला आपला वेगळा क्रमांक असायचा आणि तो कुठकुठल्या मशिनांवरून आला याची ओळ वर लिहिलेली असायची. शेजारचं मशीन क्रमांक बघायचं, आपल्याकडे नसेल तर घ्यायचं, असेल तर सोडायचं. आता मधल्या एका मशिनाच्या मालकाने ठरवलं की अमुक विषय आपल्याकडून पुढे जाणार नाही, तर त्या पलीकडच्या मशिनाला तोच निरोप तिसऱ्याकडून मिळायचा. झालं, हाच तो वळसा. बड्या मशिनांचे मालक कोणते गट पुढे पाठवायचे ते ठरवू लागले तेव्हा, १९८७ मध्ये, गिलमोर आणि त्याच्या दोघा मित्रांनी ‘आल्ट’ नावाची वेगळी शाखाच काढली होती. म्हणजे माणूस बोलत होता तो हात काळे करून बोलत होता. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही, वाक्य पुरतं.

नागपुरी माणसाला हे समजावणं सोपं आहे, म्हणूनच समजावू नका. सीताबर्डीहून इतवारीला निघालेल्या ऑटोला रेल्वेवरचा राम झुला पूल बंद मिळाला तर तो लोहापुलाकडे वळतो. ऑटोवाला स्वातंत्र्यसैनिक असतो म्हणून नव्हे, रेल्वेलाइनखालून जायला दुसरी वाट असते म्हणून. युजनेटवर एकाच निरोपाच्या शेकडो मशिनांवर शेकडो प्रती असत. आज तुमचा निरोप पाच-सहा कंपन्यांपैकी एकीच्या गोदामात ठेवलेला असतो आणि वाचणारा तिथेच येऊन वाचतो. मालकाने शटर ओढलं की वळसा कुठून घालणार? रस्ता बंद झालेलाच नसतो, माल रस्त्यावर कधी आलेलाच नसतो.

याची चुणूक त्याच काळात मिळाली होती. डिसेंबर १९९५ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियाच्या सरकारी वकिलांचा ससेमिरा लागला आणि ऑनलाइन सेवा देणाऱ्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीने दोनशेहून जास्त न्यूजग्रुप बंद केले. फक्त जर्मन गिऱ्हाइकांना वगळायची सोय तिच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, म्हणून जगभरच्या सगळ्याच गिऱ्हाइकांना बंद. भविष्यवेत्त्यांनी या बातमीकडे सभ्यपणे दुर्लक्ष केलं. तुम्हीही करा.

घराण्याचे दुसरे खांसाहेब म्हणजे जॉन पेरी बार्लो. वायोमिंगमध्ये गुरांचा रँच चालवलेला, ग्रेटफुल डेड या बँडसाठी गाणी लिहिणारा माणूस. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या दावोसहून त्याने सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामाच काढला: सरकारांनो, तुमची इथे सत्ता नाही. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनमध्ये बिल क्लिंटन नव्या टेलिकॉम कायद्यावर सही करत होते. त्यात इंटरनेटवरच्या ‘अशिष्ट’ मजकुराला तुरुंग दाखवणारा भाग होता. तो भाग पुढे पडला, आणि तुम्ही ‘बघा, नेट जिंकलं’ म्हणायला मोकळे आहात. पाडला कोणी ते नका सांगू. २६ जून १९९७ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाडला, म्हणजे सरकारी इमारतीत बसलेल्या पगारी न्यायाधीशांनी, कागदावर. ज्यांची इथे सत्ता नाही असं जाहीर झालं होतं, त्यांच्याच एका खात्याने.

आणि क्लिंटन? मार्च २००० मध्ये तेच म्हणाले, की चीनने इंटरनेटला आवर घालायला बघणं म्हणजे भिंतीला जेली खिळ्याने ठोकणं. सही करणारा हात आणि जेलीचा दाखला देणारं तोंड एकाच गृहस्थाचं, मध्ये जेमतेम चार वर्षं. या वेगाने मत बदलता आलं तर तुमचं भवितव्य उज्ज्वल आहे. (आपल्याकडे जेलीऐवजी झुणका म्हणा, तोही खिळ्याने भिंतीवर राहत नाही.) चीनने जेली ठोकायचा प्रयत्नच केला नाही. फ्रीज घेतला. देशाबाहेर जाणाऱ्या मोजक्या दारांवर उपकरणं बसवली, नको त्या साइटचा पत्ता विचारला की खोटा पत्ता द्यायचा, नको तो शब्द दिसला की दोन्ही बाजूंना ‘समोरच्याने फोन ठेवला’ असा बनावट संदेश सोडायचा. आत देशी कंपन्यांना सांगितलं की तुमच्या जागेवर कोणी काय लिहिलं त्याचे जबाबदार तुम्ही. कंपन्यांनी पदरचा पगार देऊन सेन्सॉर नेमले.

आता दुसऱ्या घराण्याकडे या. इथे गाणं अजून सोपं. डोकं हलवायचं आणि ‘सगळं बंद होणार’ म्हणायचं. या घराण्याची अडचण एकच: आपल्याकडे बंद करणाऱ्यांना बऱ्याचदा जे बंद करायचं तेच बंद करता आलेलं नाही, भलतंच बंद झालं. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका संघटनेचा याहूवरचा एक छोटा ग्रुप बंद करायचा आदेश निघाला. इंटरनेट पुरवणाऱ्या प्रॉव्हायडरांना तेवढा एक ग्रुप वेगळा काढता येईना, म्हणून त्यांनी याहूचे सगळेच ग्रुप बंद केले. आख्ख्या देशातले भजनी मंडळवाले आणि माजी विद्यार्थी कामाला लागले, आणि ज्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं तो ग्रुप पेपरात आला. जुलै २००६ मध्ये मुंबईतल्या लोकल स्फोटांनंतर वीसच्या आत पानं बंद करायची होती. बंद झालं काय, तर ब्लॉगस्पॉट आणि जिओसिटीज, म्हणजे लोकांच्या ब्लॉगांची आणि पानांची अख्खी गोदामं. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइटांच्या यादीत गिटहब सापडलं, जिथे प्रोग्रॅमर लोक आपला कोड ठेवतात. आयटी पार्कातल्या पोरांना एक दिवस ऑफिसात खरोखर बोलावं लागलं असेल, एकमेकांशी.

हल्ली गाडीवर इंजिनीअर फार येतात, आणि त्यातला एखादा विचारतोच, “पण भाऊ, हे बंद करते तरी कसं?” इथे भविष्यवेत्त्याची पोटदुखी सुरू होते. म्हणून एवढं पाठ करून ठेवा आणि विचारल्याशिवाय बोलू नका.

सगळ्यात स्वस्त उपाय डीएनएसचा. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारं प्रॉव्हायडरचं मशीन असतं, त्याला खोटं बोलायला शिकवायचं. खर्च जवळपास शून्य. पण गिऱ्हाइकाने सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्याचं मशीन विचारायला ठेवलं की बंदी संपली. वेळ अर्धा मिनिट, चष्मा नसेल तर एक. दुसरा उपाय पत्ताच अडवायचा. यात भानगड अशी की एका पत्त्यावर शेकडो साइट भाड्याने राहतात, एकासाठी सगळी चाळ सील होते. एप्रिल २०१८ मध्ये रशियाने टेलिग्राम बंद करायला ॲमेझॉन आणि गुगलचे दीड कोटीहून जास्त पत्ते अडवले. भलत्याच साइट आणि सेवा कोलमडल्या, टेलिग्राम चालत राहिलं, आणि जून २०२० मध्ये बंदी उठली. तिसरा उपाय जरा सफाईचा. कुलूपवाल्या, म्हणजे https ने सुरू होणाऱ्या, साइटला जोडताना तुमचा ब्राउझर पहिल्याच निरोपात साइटचं नाव उघड लिहितो, पुढचं सगळं बंद पाकिटात. पाकीट उघडता येत नाही, पण वरचं नाव वाचून पाकीट फाडता येतं. हे नाव झाकायची सोय निघाली आहे, पण ब्राउझर आणि सर्व्हर दोघांनीही ती वापरायला हवी.

यातूनच एक गंमत होते. कुलूप नसलेल्या जुन्या साइटवर ‘दूरसंचार विभागाच्या सूचनेवरून बंद’ अशी पाटी तरी दिसायची, कारण मधला माणूस पान बदलून देऊ शकायचा. कुलूपवाल्या साइटवर मधल्याला पाटी लावताच येत नाही, लावली तर ब्राउझर बोंब मारतो. म्हणून आता नुसतं ‘साइट उघडत नाही’ दिसतं आणि माणूस राउटर बंद-चालू करत बसतो. बंद आहे की बंद पडली आहे हे ओळखायचं तर तेच नाव दोन वेगळ्या डीएनएसना विचारावं आणि उत्तरं ताडून बघावीत, मग दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून उघडून बघावं. एकावर उघडते आणि दुसऱ्यावर नाही, तर राउटरला शिव्या देणं थांबवावं. तुम्ही भविष्यवेत्ते असल्यामुळे यातलं काही न करता ‘सरकारने बंद केलं’ म्हणा. निम्म्या वेळा बरोबर येईल.

२४ फेब्रुवारी २००८ ची गोष्ट मात्र दोन्ही घराण्यांनी लपवून ठेवली आहे, कारण ती दोघांनाही भारी पडते. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा आदेश निघाला. तिथल्या टेलिकॉम कंपनीने आपल्या राउटरांना, म्हणजे मालाला वाट दाखवणाऱ्या मशिनांना, सांगितलं की यूट्यूबच्या पत्त्यांकडे जाणारा रस्ता आमच्याकडून जातो, आणि आलेला माल खड्ड्यात टाकायचा. देशापुरतं ठीक होतं. पण ही दवंडी चुकून वरच्या, म्हणजे तिला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या, हाँगकाँगच्या कंपनीकडे गेली, तिने न तपासता जगाला वाटली. आता यूट्यूब स्वतः १,०२४ पत्त्यांचा एक गठ्ठा ‘हा आमचा’ म्हणून सांगत होतं, आणि पाकिस्तानची दवंडी होती त्यातल्याच २५६ पत्त्यांची. राउटरचा नियम पोस्टमनसारखा असतो. एका पाटीवर ‘महाल’ आणि दुसरीवर ‘महाल, अमुक गल्ली’ असेल तर तो गल्लीवाल्या पाटीकडे जातो. जगभरचे यूट्यूब बघणारे त्या गल्लीत गेले आणि खड्ड्यात पडले. यूट्यूबला सव्वा तास लागला शहाणपण यायला. मग त्यांनीही २५६ ची दवंडी दिली, त्याने पुरेना म्हणून १२८-१२८ च्या दोन दिल्या. वरच्या कंपनीने पाकिस्तानची वायर काढेपर्यंत दोन तास उलटले होते. नेटने इथे सेन्सॉरशिपला बिघाड समजून वळसा घातला नाही. जवळचा रस्ता समजून सगळी रहदारी तिकडेच वळवली, पूर्ण इमानदारीने.

काही गिऱ्हाइकं तुमच्याकडे भविष्य विचारायला नाही, सल्ला विचारायला येतील. ‘आमच्या ग्रुपवर घाण शब्द येतात, फिल्टर लावून द्या.’ जरूर लावून द्या, फी दुप्पट घ्या, कारण ते परत येणार आहेत. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीने १९९६ मध्ये असाच फिल्टर लावला आणि इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी दडलेली. आपल्याकडे त्या जागी गांडूळ आहे. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर कोणी टाकलं, ‘गांडूळ खताचं प्रशिक्षण, शनिवारी सकाळी दहा वाजता’, की फिल्टर पहिली चार चिन्हं बघतो: ग, काना, अनुस्वार, ड. गेलं प्रशिक्षण. कीर्तनाच्या ग्रुपवर अर्जुनाने गांडीव उचललं की अर्जुन ब्लॉक. मग तुम्ही म्हणाल, पूर्ण शब्द जुळला तरच अडवू. पण मराठीत शिवीलाही विभक्ती लागते. ‘ला’, ‘त’, ‘च्या’ लागलं की शब्द पूर्ण जुळत नाही आणि शिवी खुशाल आत येते. मग परत चार चिन्हांवर या आणि गांडूळ अपवादाच्या यादीत टाका. दुसऱ्या दिवशी ‘गांडुळाच्या वाफ्याला पाणी कधी द्यायचं’ असा प्रश्न उडतो, कारण सामान्यरूपात दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व झाला आणि तुमच्या यादीत दीर्घच आहे. ऱ्हस्व टाकला की गांडीव राहतं. एवढ्या वेळात शिवी देणारा अक्षरांमध्ये एक टिंब टाकून किंवा रोमनमध्ये लिहून मोकळा झालेला असतो. महिनाभराने ग्रुपवर शिव्या तेवढ्याच, खत मात्र बंद.

ॲडमिन घाबरून आला तर त्याला धीर द्या, यासाठी लांब जावं लागत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या आपल्याच खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे, की संगनमत नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. माणूस घालायचा किंवा काढायचा, एवढाच त्याचा अधिकार. निकालाची प्रत मात्र त्याला देऊ नका. वाचली तर परत येणार नाही.

कायद्याचं भविष्य सांगताना ‘रद्द होणार’ म्हणा किंवा ‘राहणार’ म्हणा, दोन्ही खरं ठरतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ बघा. इंटरनेटवर कोणाला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होईल असं लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. कलम मेलं, पण तेरवी कोणी घातली नाही, म्हणून ते पोलीस ठाण्यांत फिरत राहिलं. जुलै २०२१ मध्ये कोर्टाला कळलं की अजून त्याखाली गुन्हे दाखल होतात, तेव्हा कोर्टालाच धक्का बसला. ६९-अ चं तर विचारूच नका. साइट बंद करायचा सरकारी मार्ग तो, आणि त्याच्या २००९ च्या नियमांत सोळावा नियम असा की तक्रार आणि कारवाई, दोन्ही गुप्त. भविष्यवेत्त्याला यापेक्षा सोयीचा नियम कोणी लिहून दिला नसता. काय बंद झालं हेच कळत नसेल तर तुमचं चुकलं कसं म्हणणार?

दक्षिणेचं तेवढं नीट ठरवा. क्यूआर कोडवर विसंबू नका. तुमच्या धंद्याची खरी सुगी असते नेट बंद झाल्याच्या दिवशी, आणि बंद होतो तो आधी मोबाइल डेटा. त्याचीही रीत आहे: राज्याच्या गृह सचिवांचा आदेश, एका वेळी जास्तीत जास्त पंधरा दिवस, मग आढावा समिती. आदेश लोकांना दिसेल असा प्रसिद्ध करा, असं सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२० रोजी सांगून ठेवलं आहे. तो बहुधा इंटरनेटवर प्रसिद्ध होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथून दीडशे किलोमीटरवर अमरावतीत हे होऊन गेलं आहे. अशा सकाळी गाडीवर गर्दी होईल, सगळे तुमच्या तोंडाकडे बघतील. पहिल्या घराण्याचे असाल तर ‘थांबवू शकत नाही’ म्हणा, दुसऱ्याचे असाल तर ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ म्हणा. मग गिऱ्हाईक फोन काढेल, स्कॅन करेल आणि गोल चक्र फिरत राहील. म्हणून आधीच रोख घ्या, आणि दहा-वीसच्या नोटा घरून आणा. पोहेवाल्याकडे सुटे नसतात.